दुसऱ्याचा हात लागला पाहिजे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ भिंतीवर प्रोजेक्टरने वेल सोडायची, माणूस समोरून गेला की फुलं उमलायची, हात हलवला की पाकळ्या उडायच्या. दिसेल सुरेखच. पण ‘अनोळखी माणसांना जोडणारी कलाकृती’ असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहेस, त्याचा आत कुठे पत्ताच नाही. एकजण येणार, फुलं उडवणार, फोटो काढणार, निघून जाणार. शेजारच्या बाईंची त्याला गरजच पडत नाही. उलट त्या फोटोत येतात म्हणून अडचणच.

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला जा आणि रॅम्पार्ट रोवर एक संध्याकाळ नुसती उभी राहा. मुंगी शिरायला जागा नसते आणि जो तो आपापल्या सेल्फीत. मुंबईत माणसांना जवळ आणायला कलावंत कशाला हवा? ते काम विरार लोकल रोज करते. इथे हवं असतं ते बोलायला निमित्त. म्हणून माझी अट एकच: एकट्याने जे पूर्ण होतच नाही, असं काहीतरी कर.

नोव्हेंबर 1980 मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोवित्झ या दोघा कलावंतांनी न्यू यॉर्कमधल्या लिंकन सेंटरची काच आणि लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानाची काच उपग्रहाने जोडली. समोर पलीकडच्या शहरातली माणसं पूर्णाकृती, आवाजासकट. ना पाटी, ना कलाकारांची नावं. पहिल्या संध्याकाळी लोक नुसते थबकले. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ठरवून आलेले नातेवाईक काचेसमोर उभे होते. माझ्या मते खरी मेख वेगळीच: तिथे स्वतःची छबी दिसतच नव्हती. दिसायचा तो फक्त समोरचा. तुझ्या भिंतीवर मात्र प्रत्येकजण स्वतःलाच शोधणार. आणि आराखड्यातला तो क्यूआर कोड काढून टाक बाई. फोन खिशात राहिला तर हात मोकळे राहतील.

प्रोजेक्टर सोडवतच नसेल तर सावल्यांकडे वळ. राफाएल लोझानो-हेमर या कलावंताने 2001 साली रॉटरडॅमच्या चौकात भिंतीवर माणसांची चित्रं टाकली आणि जमिनीवर ठेवलेल्या प्रखर दिव्यांच्या उजेडाने ती धुवून काढली. चित्र दिसायचं ते कुणाच्या तरी सावलीतच, आणि सगळी चित्रं उघडी पडली की देखावा बदलायचा. ते एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आपल्याकडे एके काळी माणसाच्या सावलीचासुद्धा विटाळ मानत. त्या मुलखात सावल्या एकमेकींत मिसळू देणं साधी गोष्ट नाही, एवढंच सांगून पुढे जातो.

तुझ्या जागी मी मात्र भिंत सोडून कट्टाच धरला असता. कट्ट्यावर आठ फुटांच्या अंतराने दोन स्टीलच्या पट्ट्या बसव, आणि मधोमध रबरी ठोकळ्यांवर हातभर लांबीचा एक स्टीलचा दांडा. डावीकडच्याने एका हाताने पट्टी, दुसऱ्याने दांडा धरायचा, उजवीकडच्यानेही तसंच. दोघांच्या अंगातून सर्किट पूर्ण झालं की वरची दिव्यांची माळ उजळते. दांड्यालाही एक तार जोड, म्हणजे एकट्यानेच धरलं तर माळ नुसती मिणमिणेल. अर्धवट उत्तर मिळालं की माणूस आजूबाजूला बघतो. तुला हवा आहे तो क्षण हाच.

थेट हातात हात का नको, असं विचारशील. अनोळखी पुरुषाचा हात धरायला आपल्याकडची बाई का तयार होईल? आणि का व्हावं? दांडा मात्र लोकलमध्ये सगळेच धरतात.

आता कटकटीचं. कोरड्या तळहाताचा विद्युतरोध लाखो ओहमच्या घरात असतो, घाम आला की तो धाडकन खाली येतो. किती रोधाला माळ पेटावी याचा एसी खोलीत ठरवलेला आकडा पार्कात फसणार. तेव्हा माळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये एकच आकडा ठोकून ठेवू नकोस; कुणी हात लावलेला नसतानाचं रीडिंग घेत राहा आणि मर्यादा त्यावरून ठरू दे. पट्ट्यांखाली लाकूड नको, दमट हवेत ते ओल धरतं आणि कुणी नसताना माळ पेटते. अंगाशी जोडलेलं सगळं पाच व्होल्टच्या बॅटरीवर, घरगुती विजेशी त्याचा काडीचाही संबंध नको. यात तडजोड नाही. स्पीकरही विसर: उच्च न्यायालयाने 2010 साली शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. मॉन्ट्रियलमध्ये 2011 साली 21 झोपाळे लावले होते, लोक लयीत एकत्र झुलले तरच काही सुरावटी वाजायच्या. गोड कल्पना, पण तुला उजेडावरच भागवावं लागेल.

केबल, पाऊस, गर्दी, दोरखंड यांतलं माझ्यापेक्षा गिरगाव-लालबागच्या मंडळांतल्या कार्यकर्त्यांना जास्त कळतं. हलते देखावे उभे करण्यात त्यांची हयात गेली आहे. चहा पाजून विचार.

आणि मांडून घरी निघून जायचं नाही. मे 2024 मध्ये डब्लिन आणि न्यू यॉर्क जोडणारा पडदा उघडला, तेव्हा काही महाभागांनी कॅमेऱ्यासमोर असे चाळे केले की तो काही दिवस बंद ठेवावा लागला. तू थांब, किंवा कुणाला तरी थांबव. शेंगदाणेवाल्यालाही आधीच खेळून दाखव; लोक आधी त्यालाच विचारणार आहेत, ‘हे काय आहे हो?’

वॉर्ड ऑफिस आणि पोलीस, दोन्हीकडचे अर्ज आजच टाक, वेळ तिथेच जातो. लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाण्याआधी सर्किटचं चित्र मला पाठव. दुकानदार नको ते गळ्यात मारतात. बाकी भेटीअंती.