सिंदोन म्हणजे कफन का?

प्रश्न असा आलाय की बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात येशूला पकडतात तेव्हा एक तरुण उघड्या अंगावर ‘सिंदोन’ पांघरून मागे मागे येत असतो, लोक त्याला धरायला जातात तर तो ते कापड टाकून नागडाच पळतो, आणि पुढच्याच अध्यायात अरिमथाईकर योसेफ येशूचं शरीर ‘सिंदोन’मध्येच गुंडाळतो. मग तो पोरगा कफन पांघरून फिरत होता का? आणि हा ग्रीक शब्द आपल्या सिंधू नदीच्या नावावरून आलाय हे खरं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळसरळ ‘नाही’. सिंदोन हे कापडाचं नाव आहे, ते कशाला वापरलं त्याचं नाही. तलम, चांगल्या प्रतीचं, बहुतेक वेळा लिननचं कापड, आणि त्याच कापडाचा न शिवलेला आख्खा तुकडा. आपल्याकडे धोतर कसं नेसताही येतं, रात्री अंगावरही ओढून घेता येतं, तसं. मार्क १५:४६ मध्ये तर योसेफ सिंदोन विकत घेऊन येतो असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे ते बाजारात मिळणारं कापड होतं, त्यानं त्यात प्रेत गुंडाळलं म्हणून ते त्या वाक्यात कफन झालं, एवढंच.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मला हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात दिसतो. तो इजिप्तमध्ये ममीला सिंदोनच्या पट्ट्या गुंडाळतात असं सांगतो, आणि पुढे पर्शियन युद्धाच्या भागात पिथियस नावाच्या जखमी ग्रीक सैनिकाच्या जखमांवर पर्शियन लोक गंधरस लावून त्याच सिंदोनच्या पट्ट्या बांधतात. एकच कापड मेलेल्याला पण आणि जिवंत माणसाच्या मलमपट्टीला पण! बायबलच्या जुन्या कराराच्या (मूळ हिब्रू भागाच्या) ग्रीक भाषांतरात शमशोन कोड्याची पैज लावतो तिथं तीस सिंदोन आहेत, नीतिसूत्रं ३१ मधली कर्तबगार बाई सिंदोन तयार करून विकते. कफनाचा तिथं काही संबंधच नाही. आजच्या ग्रीकमध्ये पलंगावरच्या चादरीला ‘सेंदोनी’ म्हणतात, ते याच शब्दाचं रूप. कफन हा अर्थ डोक्यात पक्का बसलाय तो बराचसा इटलीतल्या तुरीनच्या त्या प्रसिद्ध वस्त्रामुळे (येशूचं कफन म्हणून अनेक जण मानतात ते), कारण इटालियनमध्ये त्याला ‘सिंदोने’च म्हणतात.

मराठी बायबलमध्ये इथं ‘तागाचं’ कापड येतं. त्यानं घोळ होतो असं मला मनापासून वाटतं, कारण ताग म्हटलं की आज आपल्या डोळ्यासमोर गोणपाट येतं आणि लिनन होतं जवसाच्या झाडापासून, म्हणजे आपण चटणी करतो त्याच जवसाच्या. मी भाषांतर केलं तर ‘तलम कापड’ लिहीन, आणि त्या पळालेल्या तरुणाच्या ठिकाणी ‘तलम पांघरूण’.

चौथं शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र सिंदोन शब्द वापरतच नाही, तो ‘ओथोनिया’ म्हणतो, अनेकवचनी. त्यावरून काही जण म्हणतात की योहानाकडे पट्ट्या आहेत आणि बाकी तिघांकडे (मत्तय, मार्क, लूक) एक मोठी चादर. पण लूक बघा ना, २३:५३ ला सिंदोन म्हणतो आणि २४:१२ ला पेत्र कबरीत वाकून बघतो तेव्हा त्याला ओथोनिया दिसतात. त्यामुळे ओथोनिया म्हणजे मोघम ‘कापडं’ असं धरलेलं बरं, पट्ट्या असा अर्थ त्या शब्दात मुळात नाही. योहानात डोक्याला असलेलं वेगळं कापड आहे ते ‘सुदारियोन’, लॅटिनमधून आलेला शब्द, घाम पुसायचा रुमाल. त्यातला लॅटिन ‘सुदोर’ म्हणजे घाम आणि आपला संस्कृत ‘स्वेद’ हे एकाच मुळाचे, हे नातं पक्कं आहे.

सिंधूचं तसं नाही. उच्चार जुळतो म्हणून ही कल्पना जुनी आहे, पण हिब्रूत ‘सादीन’ हा कापडाचाच शब्द आहे, वर सांगितलेल्या शमशोनाच्या गोष्टीत मूळ हिब्रूत तोच आहे, त्यामुळे सेमिटिक (हिब्रू ज्या कुळातली आहे त्या) भाषांकडचा धागा जास्त बळकट वाटतो. नुसत्या उच्चारावरून सिंधू सिद्ध होत नाही.

पण आपला खराखुरा संबंध आहे, आणि तो मला यापेक्षा भारी वाटतो! पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलंय, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून भडोच बंदरावर गाड्या भरभरून काय जायचं, तर साधं ओथोनियोन (ओथोनियाचं एकवचन) पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेचे सिंदोन. शुभवर्तमानातले हेच दोन्ही शब्द, त्याच शतकातले, आणि इथं ते भारतातल्या कापडासाठी, म्हणजे बहुतेक सुतीच, लिनन नव्हे.