झोपेतून उठलेलं नेटवर्क कार्ड

प्रश्न : लिनक्ससाठी पीसीआय नेटवर्क ड्रायव्हर लिहितोय. सस्पेंडनंतर मशीन उठतं, लिंक दिसते, पण पॅकेट जात नाही. थोड्या वेळाने ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ येतं.

उत्तर : डी३ (डिव्हाइसची वीज वाचवणारी गाढ झोप) मधून परतताना बऱ्याच चिप रीसेट होतात. पीसीआय कोअर (कर्नलमधला पीसीआयचा सामायिक कोड) फक्त कॉन्फिग स्पेस, म्हणजे कार्डाची प्रमाणित पीसीआय रजिस्टरं, परत भरतो. डिस्क्रिप्टर रिंगचा (मेमरीतल्या पॅकेटांच्या यादीचा) पत्ता, मॅक फिल्टर (कोणत्या पत्त्याची पॅकेट घ्यायची), इंटरप्ट मास्क (कोणते इंटरप्ट चालू) तुम्हीच ड्रायव्हरच्या रिझ्युम फंक्शनमध्ये लिहायचे. कार्ड पुन्हा वापरायला तयार आहे असं कर्नलला सांगणारं नेटिफ_डिव्हाइस_अटॅच सगळ्यात शेवटी. आधी केलंत तर अर्धवट रिंगवर पॅकेट येऊन आदळतात.

तपासायला पीएम_टेस्टमध्ये (सस्पेंड ठरावीक टप्प्यापर्यंतच नेऊन परतवणारी कर्नलची चाचणी-फाइल) ‘प्लॅटफॉर्म’ लिहा आणि सस्पेंड करा, साधारण 5 सेकंदांत मशीन परततं. त्याआधीच्या ‘डिव्हाइसेस’ पातळीवर विसंबू नका : कार्ड डी३ मध्ये जातं ते नंतरच्या नोआयआरक्यू (इंटरप्ट बंद असलेल्या) टप्प्यात, म्हणून तिथे हा दोष लपतो.