खराडीतला भाड्याचा फ्लॅट: आधी हिशोब, मग भाडेकरू

खराडीत ८० लाखांचा तयार टू बीएचके घेऊन भाड्याने द्यायचाय, एजंट २८ हजार भाडं सांगतोय, आणि चांगला भाडेकरू कसा मिळेल, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात बरीच वर्षं घरं भाड्याने देतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८० लाख ही फक्त किंमत झाली. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार (फक्त बायकोच्या नावावर घेतलात तर एक टक्का वाचतो), नोंदणीचे ३० हजार, आणि ट्रॉल्या, गीझर, पंखे, रंग यांचे तीनेक लाख धरा. झाले ८९ लाख. भाडं वर्षाला ३ लाख ३६ हजार. त्यातून महिना साडेतीन हजार मेंटेनन्स आणि मिळकतकर २५ हजार वजा करा. (स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, हे एजंट सांगत नाहीत.) एक महिना घर रिकामं धरा. हातात राहिले २ लाख ४१ हजार, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाही. साधी एफडी याहून जास्त देते. त्यामुळे भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटेल या भरवशावर घेऊ नका. जागेची किंमत वाढेल असं मनापासून वाटत असेल आणि दहा-बारा वर्षं थांबायची तयारी असेल, तरच घ्या.

आता भाडेकरू. माझं मत स्पष्ट आहे: चांगला माणूस शोधण्यापेक्षा आलेला चांगला माणूस टिकवणं जास्त फायद्याचं. गणित बघा. तुम्ही ३० हजारांवर अडून बसलात आणि घर महिनाभर रिकामं राहिलं, तर ११ महिन्यांत ३ लाख मिळतात. २८ हजारांत लगेच दिलंत तर ३ लाख ८ हजार. शिवाय माणूस बदलला की पुन्हा रंग, पुन्हा ब्रोकरेज. म्हणून मी भाडं बाजारापेक्षा हजारभर कमीच ठेवतो आणि बघायला येणाऱ्यांतून निवड करतो.

नोकरी करणारी माणसं घर बघताना हॉलच्या फॉल सीलिंगकडे ढुंकूनही बघत नाहीत. बायका थेट स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालचं दार उघडतात. तिथे ओल असेल, झुरळ दिसलं, तर विषय संपला. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आणि प्लग पॉइंट, खिडक्यांना डासांच्या जाळ्या, चालू गीझर, सेफ्टी डोअर, एवढं नीट ठेवा. महागडा सोफा ठेवू नका, त्याचे डाग हाच पुढे भांडणाचा विषय होतो. आणि गीझर बंद पडल्याचा मेसेज रात्री आला तर सकाळी प्लंबर दारात हवा. असं एकदा झालं की भाडेकरू स्वतःहून करार वाढवायला विचारतो.

निवडताना ऑफिसचं ओळखपत्र बघाच, पण आधीच्या घरमालकाला एक फोन जरूर करा. घर कसं सोडलं, वीजबिल भरलं का, एवढंच विचारा. ‘फक्त फॅमिली’ हा हट्ट मात्र सोडा. माझ्याकडे आयटीतल्या तीन मुली राहायच्या. एक तारखेला भाडं जमा आणि घर लखलखीत. सोसायटीच्या कमिटीशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे सामान आल्यावर गेटवर वाद होत नाही. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागत असतील तर सरकारचा २००१ चा आदेश दाखवा.

करारात काटकसर करू नका. ‘११ महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा ठरावीक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरलं जातं. उलट नोंदणी असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. २८ हजारांच्या कराराला मुद्रांक शुल्क हजाराच्या आत आणि नोंदणी फी हजार रुपये. आधार-बायोमेट्रिकने घरबसल्या होतं. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइनच द्या.

किल्ली देताना दोघांनी मिळून सगळ्या खोल्यांचा, मीटरच्या रीडिंगसकट, व्हिडिओ काढा आणि तो त्यांनाही पाठवा. घर सोडताना तोच लावून बघायचा आणि डिपॉझिट त्याच दिवशी परत करायचं. माझे पुढचे भाडेकरू बऱ्याचदा आधीच्यांच्या ओळखीतूनच आलेत, ब्रोकरशिवाय.

टोकन देण्याआधी एक काम करा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं बघा. त्या भागात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, आणि पाणी नसेल तिथे कुठलाच भाडेकरू दुसरं वर्ष काढत नाही.