विश्वास असला की भीती जाते का? माझं उत्तर

तुम्ही विचारलंय: रोज प्रार्थना करते, तरी रात्री भीतीनं झोप उडते, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का? नाही. असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नका. हेच वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वसईचे, कोळी ख्रिस्ती. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा नवरा बोटीवर होता. दुपारपासून वारा वाढला, वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंवर, टांगलेले बोंबील भिजून लिबलिबीत झाले, पण काढायला कोणी गेलं नाही. बोटीशी संपर्क नाही. घरात अल्तारासमोर, म्हणजे देवाच्या वेदीसमोर, आम्ही बायका रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतो आणि माझे दात वाजत होते. तेवढ्यात दीर आला. त्याला तेव्हा नुकतंच प्रार्थनासभांचं वेड लागलं होतं. म्हणाला, "वहिनी, भीती सैतानाकडून येते. विश्वास असता तर अशी थरथरली नसतीस." वर संत गोन्सालो गार्सियांचा दाखला दिला. आपल्या वसईचा माणूस, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला विश्वासापायी क्रुसावर गेला, डगमगला नाही. मान्य. ते संत आहेत. मी बोंबील विकते.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रोझरीचं एक रहस्य, म्हणजे एक भाग, संपलं की जपमाळ मनगटाला गुंडाळायच्या आणि भर पावसात मच्छीमार सोसायटीत जायच्या, वायरलेसवर काही कळलं का बघायला. मी म्हटलं, "आई, बसा ना जरा." तर म्हणाल्या, "देवाला सांगितलंय. आता माणसांना विचारून येते." रात्रभर हेच चाललं. त्यांचा नवरा, दोन भाऊ, सगळे समुद्रावरचे. त्यांना भीती वाटत नव्हती असं म्हणण्याची कोणाची छाती आहे?

बोट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत आली. सगळ्यांच्याच आल्या नाहीत, फयाननं कोकणात बरीच घरं उद्ध्वस्त केली. नवऱ्याची बोटं सुकाणू धरून एवढी सुजली होती की लग्नाची अंगठी साबण लावूनही निघेना. म्हणाला, रात्रभर 'नमो मरिया' ही मरियामातेची प्रार्थना म्हणत होतो, पण अर्ध्यावर विसरायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

आता दिराचा मुद्दा. तो अजूनही बायबलमधला, येशू वादळ शांत करतो तो उतारा वाचून दाखवतो. पण वाचतो मत्तयच्या शुभवर्तमानातला. तिथं येशू आधी "अल्पविश्वासी" म्हणतो आणि मग वारा थांबवतो. तीच गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानातही आहे, त्याचा चौथा अध्याय काढा. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय, शिष्य ओरडून उठवतात, "गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" तो उठतो आणि आधी वारा शांत करतो. "का घाबरलात" हे त्यानंतर. आणि त्या नावेत आयुष्यभर मासेमारी केलेले लोक होते. पाणी कधी बुडवतं हे त्यांना कळत होतं, म्हणूनच त्यांनी उठवलं. बुडता बुडता मारलेली ती हाक मला तरी प्रार्थनाच वाटते. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमनीच्या बागेत तर खुद्द येशूनं हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं, शुभवर्तमानात लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. त्याला कोण अविश्वासी म्हणणार?

तर तुम्ही काय करावं? मोठी प्रार्थना जमत नसेल तर छोटी म्हणा. कशाची भीती वाटते ते देवाला नाव घेऊन सांगा, लपवू नका. आणि हाताशी जे करता येईल ते करा. आमच्याकडे आता बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की बोट किनाऱ्यालाच राहते, लाईफ जॅकेटं बोटीवर असतात आणि अल्ताराशेजारी भिंतीवर समुद्रात मदतीसाठी कोस्ट गार्डचा १५५४ नंबर लिहिलाय. यानं भीती गेली असं मी म्हणणार नाही. नवरा समुद्रावर असला की मला अजूनही धड झोप येत नाही. पण मी उठते, मासळी घेते, बाजारात जाते.

एक राहिलंच. तुमची झोप महिनोन् महिने उडालेली असेल, छाती धडधडत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, फादरांशीही बोला. गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला असं दीर म्हणेल. स्वतःची बीपीची गोळी मात्र तो रोज सकाळी क्रुसाची खूण करूनच घेतो.