जबडा तारांनी बांधलेला असताना गोळ्या कशा द्यायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकट्या भावाच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेत, घरी आणून दोन दिवस झालेत. डिस्चार्ज कार्डावर सहा गोळ्या लिहिल्यात आणि तोंड तर उघडत नाही. मग त्या कुटून पाण्यातून दिल्या तर चालतील का? आणि दुखत नसलं तरी वेदनाशामक द्यायचंच का?

आधी थेट उत्तर देते. सगळ्या कुटू नका. काही गोळ्या कुटलेल्या चालतात, काही कुटल्या की वाया जातात आणि एखादी कुटून दिली तर अपाय होतो. कुठली कशातली हे गोळीकडे बघून आपल्याला कळत नाही. म्हणून पुढच्या डोसच्या आधी सगळी पाकिटं आणि कार्ड घेऊन मेडिकलमध्ये जा. काउंटरवरच्या मुलाला नको, फार्मासिस्ट असतील त्यांनाच विचारा: "पेशंटचं तोंड बांधलेलं आहे, यातलं पातळ काय मिळेल?" ते सांगतील ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करून पक्कं करा. फोन करायला संकोचू नका. अँटिबायोटिकचा डोस मात्र या धावपळीत चुकू देऊ नका.

मी डॉक्टर नाही, वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, ऊसतोडीच्या दिवसांत, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून माझी गाडी घसरली आणि खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी राहणारं. प्लेटा बसवल्या आणि वर चार आठवडे दात तारांनी बांधून ठेवले. पुढचं सगळं त्या चार आठवड्यांत शिकलेलं आहे.

माझ्याही कार्डावर गोळ्याच होत्या. बांधलेल्या तोंडातून त्या आत कशा जायच्या, हे रुग्णालयात कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. घरी आल्यावर नवऱ्याने वेलदोड्याचा छोटा खलबत्ता काढला, सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या, मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ केल्या आणि कोमट पाण्यात घालून सिरिंजने दिल्या. अगदी मनापासून करत होता तो. त्यात एक वेदनाशामक होतं, नावापुढे एसआर लिहिलेलं. म्हणजे बारा ते चोवीस तासांत हळूहळू सुटावं म्हणून बनवलेली गोळी. ती कुटली की पूर्ण दिवसाचं औषध पोटात एकदम सुटतं. दुसरी पित्ताची, पँटोप्राझोलची. तिच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. आवरण फुटलं की औषध आतड्यापर्यंत पोचायच्या आत आम्लातच नासतं. थोडक्यात, पोटाला जाळणारी गोळी जोरात गेली आणि पोट सांभाळणारी गेलीच नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मला मळमळायला लागलं. तोंड बांधलेलं असताना मळमळ म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. घशाशी आलेलं बाहेर कुठून जाणार, एवढाच विचार डोक्यात होता. उलटी झाली. मी बसून पुढे वाकले, मान खाली घातली, नवऱ्याने दोन्ही गाल बाजूला ओढून धरले. सगळं पातळच असल्यामुळे दातांच्या फटींतून आणि नाकातून बाहेर पडलं. तार कापायची वेळ आली नाही. पण तार कापायची पकड उशाशी होती आणि ती आहे हे माहीत होतं, म्हणून मी घाबरून श्वास ओढून घेतला नाही.

म्हणून औषधांच्या आधी हे सांगते. तार कापायची पकड तुमच्याकडे दिली आहे का? नसेल तर उद्याच मागून घ्या. कुठल्या तारा कापायच्या तेही डॉक्टरांकडून बोट ठेवून दाखवून घ्या. वरच्या आणि खालच्या दातांना जोडणाऱ्या उभ्या तारा कापायच्या असतात, हिरडीलगतची आडवी पट्टी नाही. तारांऐवजी रबर असतील तर छोटी कात्री पुरते. ही पकड पेशंट जिथे जाईल तिथे सोबत, दवाखान्यात जातानाही. उलटी आली तर आडवं ठेवायचं नाही, बसवून पुढे वाकवायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं. पातळ बाहेर पडत नाहीये आणि श्वास अडकतोय असं दिसलं तरच कापायचं आणि तसंच रुग्णालय गाठायचं. मळमळ नुसती जाणवायला लागली तरी डॉक्टरांना कळवा. त्यासाठीचं ओंडॅन्सेट्रॉन पातळ मिळतं, जिभेवर विरघळणारं मिळतं. उलटी व्हायची वाट बघत बसू नका.

आता गोळ्यांकडे येऊ. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड अशी अक्षरं असतील तर ती गोळी कुटायची नाही. पाकिटावर 'एंटेरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो रेझिस्टंट' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तरी नाही. आत बारीक साबुदाण्यासारखे दाणे असलेल्या कॅप्सूल उघडून ते दाणेही कुटू नयेत. डीटी लिहिलेल्या गोळ्या मात्र पाण्यात विरघळण्यासाठीच केलेल्या असतात, त्या बिनधास्त चमचाभर पाण्यात टाका. पण अक्षरं नाहीत म्हणजे कुटायला हरकत नाही, असा उलटा अर्थ काढू नका. पँटोप्राझोलच्या नावापुढे असं काही लिहिलेलं नसतं. माझी पित्ताची गोळी बदलून लॅन्सोप्राझोलची विरघळणारी गोळी दिली, ती बरी पडली.

पॅरासिटामॉल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, आणि घोटाळाही इथेच होतो. लहान मुलांचं सिरप दोन-तीन ताकदींत मिळतं. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम या नेहमीच्या. डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर पहिल्यातलं २० मिली लागेल, दुसऱ्यातलं १० मिली. बाळांचे थेंब यापेक्षा कितीतरी तीव्र असतात, ते सिरप समजून ओतू नका. घरातला चमचा मापाला वापरू नका, सिरिंजवरच्या रेघा वाचा. ६० मिलीची बाटली मोठ्या माणसाला दीड दिवससुद्धा धड पुरत नाही, हे आम्हाला रात्री अकरा वाजता कळलं. दोन-तीन बाटल्या आणून ठेवा, सगळ्या एकाच ताकदीच्या. किंवा साधी, हळू न सुटणारी पॅरासिटामॉलची गोळी पाण्यात विरघळवून चालेल का ते विचारा. मला चौथ्या दिवसापासून तसंच चालवलं आणि खर्चही कमी झाला.

एकूण बेरीज मात्र ठेवा. निरोगी मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा याहून खाली येते, ती डॉक्टरच सांगतील. एसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी खूपदा लिहून दिलेली असते, सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. एक नाव वेगळं दिसलं म्हणून औषध वेगळं असतंच असं नाही. पाकिटामागचे घटक वाचा.

तुमचा दुसरा प्रश्न, दुखत नसलं तरी द्यायचं का. पहिले चार-पाच दिवस सांगितलेल्या वेळेला, घड्याळ बघून द्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. मी एकदा दुपारी बरं वाटतंय म्हणून डोस टाळला. संध्याकाळी ठणका असा उसळला की गिळवतच नव्हतं, आणि गिळवत नाही म्हणून औषधही जाईना. सूज उतरायला लागली की डॉक्टरांना विचारून कमी करत जा. पण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, तोंडात घाण चव किंवा पू येत असेल, तर डोस वाढवून ते दाबू नका, त्याच दिवशी दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास वाढला तर सकाळपर्यंतही थांबू नका.

अँटिबायोटिकमध्ये अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक असेल तर त्याचं ड्राय सिरप मिळतं. बाटलीत पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं. एकदा कालवलं की फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. बाटल्या लहान मुलांच्या मापाच्या असतात, त्यामुळे मोठ्या माणसाला बऱ्याच लागतात. सगळ्या एकदम कालवून ठेवू नका. किती मिली द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, गोळीच्या आकड्यावरून स्वतः हिशेब करू नका, कारण त्यातल्या दोन घटकांचं प्रमाण सिरपमध्ये वेगळं असतं. मेट्रोनिडाझोलही पातळ मिळतं. त्याने तोंडाला धातूसारखी चव येते, ती औषधाचीच असते. ते चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही निदान दोन-तीन दिवस दारू अजिबात नको. अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको. भाऊ घेत नसेल तर उत्तमच, पण भेटायला येणारे मित्र लक्षात ठेवा.

द्यायची पद्धत अशी. पाठ ताठ ठेवून बसवा. सिरिंजला सुई नको, पुढे बोटभर मऊ नळी लावा, मेडिकलमध्ये मिळते. ती गाल आणि दात यांच्या मधून मागे सरकवली की शेवटच्या दाढेमागे फट लागते, तिथून औषध आत जातं. एका वेळी दोन-तीन मिली, गिळलं की पुढचं. घाईने दाबलं तर ठसका लागतो. प्रत्येक औषध वेगळं द्या आणि मध्ये पाणी, म्हणजे कुठल्याने मळमळतं तेही कळतं. ऑपरेशननंतर खालचा ओठ खूप दिवस बधिर राहू शकतो, म्हणून गरम औषध किंवा पेज आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. त्याला चटका बसलेला कळणार नाही. सिरप गोड असतं, ते तारांत चिकटून राहतं. औषधानंतर पाणी आणि दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, तेही अल्कोहोल नसलेलं. टूथपेस्टनंतर लगेच ते वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा परिणाम कमी होतो. त्याने दात तपकिरी दिसायला लागतील, नंतर साफ करून मिळतात.

भावाच्या आधीपासूनच्या गोळ्या असतील तर त्यांच्याकडे माझ्यासारखं दुर्लक्ष करू नका. माझी रक्तदाबाची गोळी एक्सएल होती. आमच्या फिजिशियनांनी ती बदलून दिवसातून दोनदा घ्यायची साधी दिली, ती पाण्यात विरघळवून घेता यायची. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून घेत होते, पण हाड जुळावं म्हणून दिलेलं कॅल्शियम त्यामागोमाग दुधातून घ्यायचे. त्या दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं हे फार्मासिस्टनीच सांगितलं. मधुमेह असेल तर सिरपमध्ये साखर आहे, आणि जेवण मात्र निम्म्यावर आलेलं असतं, त्यामुळे साखर वरही जाऊ शकते आणि खालीही. पहिल्याच दिवशी त्या डॉक्टरांशी बोला.

बद्धकोष्ठ होणारच, पातळ आहारामुळे, आणि वेदनाशामकांत ट्रॅमाडॉल असेल तर जास्तच. आमच्या आईने प्रेमाने इसबगोल भिजवला, तो नळीत फुगून बसला. तोंड बांधलेलं असताना तो नको. लॅक्टुलोजचं सिरप विचारा, आणि भिजवलेल्या मनुकांचं गाळलेलं पाणी द्या. ताक, वरणाचं पाणी, नाचणीची पातळ आंबील, हे सगळं बारीक गाळणीतून गाळून. पोटात काही गेल्यावरच वेदनाशामक.

आणि एक. त्याला बोलता येणार नाही, दुखतंय किती हे सांगता येणार नाही. शाळेतली पाटी द्या, शून्य ते दहा आकडा लिहायला सांगा, वेळेसह वहीत उतरवा. कुठलं औषध किती वाजता दिलं तेही त्याच पानावर. डॉक्टरांना फोन केल्यावर ती वही समोर असली की दोन मिनिटांत काम होतं. रात्री मात्र पाटी उपयोगाची नाही, अंधारात त्याला हाकही मारता येत नाही. उशाशी घंटी ठेवा. आमच्याकडे देवघरातली होती, त्या रात्री दोन वाजता मी तीच वाजवली होती.