तुमचे प्रश्न: खुब्यात बसवायचा दांडा कुठला?

प्रश्न (गुहागर): डॉक्टर, माझी आई ७४ वर्षांची. श्रावणात मागच्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ होतं, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणला ऑपरेशन झालं, सिमेंट लावून बॉल बसवला. आता वॉकर घेऊन पडवीत फिरते. पण मुंबईचा मामा अजून ऐकवतो की सिमेंट जुनं झालं, विनासिमेंटचा महाग तोच चांगला, तुम्ही पैसे वाचवलेत. आमचं खरंच चुकलं का?

उत्तर: नाही चुकलं, आणि हे मामांना वाचून दाखवा. ७४व्या वर्षी खुब्याची मान, म्हणजे मांडीच्या हाडाचा बॉलखालचा बारीक भाग, मोडली तर सिमेंटवाला दांडा हाच बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो, त्यात पैसे वाचवायचा संबंधच नाही.

कारण असं की बॉल नुसता ठेवता येत नाही, त्याच्याखाली दांडा असतो, आम्ही स्टेम म्हणतो, तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत आत जातो आणि सगळा भार त्याच्यावर. तरुण माणसात ही पोकळी वर रुंद, खाली निमुळती आणि हाडाच्या भिंती जाड असतात, त्यामुळे विनासिमेंटचा दांडा ठोकून घट्ट बसतो. वय झालेल्या बायकांमध्ये भिंती पातळ होतात आणि पोकळी वरपासून खालपर्यंत सरळ, रुंद होते. तिथे दांडा घट्ट बसवायला जोरात ठोकलं तर हाडाला चीर जाते, कधी टेबलावरच तर कधी काही आठवड्यांनी साध्या धडपडण्याने, आणि मग दांड्याभोवतीचं मोडलेलं हाड जोडायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. सिमेंट ही फट भरून काढतं आणि भार सगळीकडे वाटून देतं.

यावर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२२ला छापून आला. खुब्याची मान मोडलेले ६० वर्षांवरचे १२२५ पेशंट, काहींना सिमेंटवाला बॉल तर काहींना विनासिमेंटचा. दांड्याभोवतीचं हाड मोडायचं प्रमाण सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के आणि विनासिमेंटवाल्यांत २.१ टक्के निघालं, म्हणजे चौपट. शिवाय चार महिन्यांनी रोजचं जगणंही सिमेंटवाल्यांचं थोडं बरं होतं. सिमेंटला एक धोका आहे तोही सांगतो, सिमेंट भरताना बीपी एकदम पडू शकतं, हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर जास्तच, म्हणून भूलतज्ज्ञाला आधीच सगळे आजार आणि गोळ्या सांगायच्या.

आता मामांच्या 'जुनं' या शब्दाबद्दल. इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात १९७०ला रॉबिन लिंग नावाचे सर्जन आणि क्लाइव्ह ली नावाचे इंजिनिअर यांनी मिळून एक दांडा केला, खाली निमुळता आणि आरशासारखा गुळगुळीत. १९७६ला त्याचा पृष्ठभाग गुळगुळीतऐवजी खरखरीत केला, बाकी दांडा जवळपास तसाच. काही वर्षांनी दिसलं की खरखरीत दांडे जास्त सैल होतायत. मग १९८६ला परत गुळगुळीत केला आणि निकाल सुधारले, तोच दांडा आजही जगभर वापरतात. का झालं असं? गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये एखाद मिलिमीटर खाली सरकतो आणि कुऱ्हाडीच्या दांड्यातल्या पाचरीसारखा उलट जास्त घट्ट होतो, तो सरकला तरी सिमेंटला ओरबाडत नाही. खरखरीत दांडा हलला की सिमेंट घासतो, त्याची भुकटी हाडापर्यंत पोचते आणि हाड झिजायला लागतं. नुसत्या पॉलिशने एवढा फरक! म्हणून मी घरच्यांना सांगतो, किंमत आणि 'लेटेस्ट' विचारू नका, हा दांडा किती वर्षं लोकांच्या अंगात टिकलाय ते विचारा.

जुनं सगळंच चांगलं असंही नाही हं. ऑस्टिन मूर नावाचा दांडा आपल्याकडे अजूनही दिसतो, तो सिमेंटशिवाय बसतो, स्वस्त आहे, पण बऱ्याच जणांना मांडीत दुखतं आणि सैलही होतो. ब्रिटनच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की ऑस्टिन मूर किंवा थॉम्प्सन या जुन्या दांड्यांपेक्षा सिद्ध झालेला दांडा वापरा. चालत्याफिरत्या माणसाला तो सुचवला तर दुसरा पर्याय आहे का हे जरूर विचारा, आणि पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

प्रश्न (देवगड): वय ४१, आंब्याची कलमं आहेत. एव्हीएन झालंय (रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या बॉलचं हाड मरतं तो आजार), उजवा खुबा पूर्ण बदलायला सांगितलाय. एका ठिकाणी नवीन शॉर्ट स्टेम सुचवला, माहितीपत्रकावर ३० वर्षं टिकतो असं लिहिलंय. घ्यावा का?

उत्तर: दादा, तुमचं वय आणि हाड बघता विनासिमेंटचा दांडा बरोबर आहे, पण ३० वर्षांचा तो आकडा बाजूला ठेवा. जो दांडा बाजारात येऊन सहा-सात वर्षं झाली त्याचा अनुभव सहा-सात वर्षांचाच असणार, पुढचं सगळं अंदाज. २०१९ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून छापलं होतं की बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. त्यात बॉल ज्यात फिरतो त्या जुन्या प्लॅस्टिकच्या वाट्या बऱ्याच होत्या, आताचं क्रॉसलिंक्ड प्लॅस्टिक खूपच कमी झिजतं, म्हणून तुमचा जास्त टिकेल अशी आशा धरायला जागा आहे. तुमचं वय ४१, आयुष्यात परत एकदा ऑपरेशन लागू शकतं हे धरूनच आता दांडा निवडायचा.

विनासिमेंटचा दांडा टायटॅनियमचा, वर खरखरीत थर किंवा हाडातलंच खनिज असलेला एचए थर. हाड त्याला येऊन धरतं, पण त्यासाठी पहिल्या दिवसापासून दांडा हलता कामा नये. दीडशे मायक्रॉनच्या वर, म्हणजे ०.१५ मिलिमीटरच्या वर हालचाल झाली तर हाडाऐवजी मऊ पेशीजाल तयार होतं आणि दांडा कायमचा सैल राहतो. म्हणून पहिले काही आठवडे काठी किंवा वॉकर सांगितला तर तो वापराच, दुखत नाही म्हणून आंब्याच्या मोसमात बागेत उतरू नका.

दुसरी गोष्ट मांडीच्या हाडाची. हाडाला भार मिळाला तर ते टिकतं, नाही मिळाला तर पातळ होतं. टायटॅनियमचा कडकपणा हाडाच्या पाच-सहा पट आहे आणि कोबाल्ट-क्रोमचा दहा पटीहून जास्त. जाड, लांब आणि खालपर्यंत खरखरीत असलेला कोबाल्ट-क्रोमचा दांडा भार थेट खाली नेतो, वरचं हाड रिकामं बसून बारीक होत जातं आणि मांडीत खोल कुठेतरी दुखत राहतं. शॉर्ट स्टेमचा विचार यातूनच आला, भार वर राहावा आणि हाड जपावं, पुढच्या ऑपरेशनला कामी यावं. विचार मला पटतो. फक्त तो छोटा असल्यामुळे तिरका बसायची शक्यता जास्त, रोज बसवणारा हात लागतो. आणि बहुतेक शॉर्ट स्टेमपाशी नेहमीच्या दांड्यांएवढा लांब अनुभव नाही. एचए थराचा कोराईल दांडा १९८६पासून वापरात आहे, अशांचे निकाल लोकांसमोर आहेत. त्यातही कॉलर असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात, कॉलर म्हणजे वरच्या कापलेल्या हाडावर टेकणारी कड, ती असली की दांडा खाली बसायची आणि सुरुवातीला हाड चिरायची शक्यता कमी होते. मी तुमच्या जागी असतो तर नेहमीच्या लांबीचा, कॉलरवाला घेतला असता.

सर्जनना तीन गोष्टी विचारा, राग येणार नाही त्यांना: दांड्याचं नाव काय, त्याला ओडेप रेटिंग किती, आणि तुम्ही स्वतः हा नेहमी बसवता का. ओडेप ही ब्रिटनची यादी आहे, १०ए किंवा १५ए असं लिहिलेलं असतं, आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा. स्वीडनने १९७९पासून, ऑस्ट्रेलियाने १९९९पासून आणि ब्रिटनने २००३पासून प्रत्येक खुब्याची नोंद ठेवलीय, त्यातूनच हे सगळं कळतं.

प्रश्न (सावंतवाडी): मावशीचा खुबा बदलून तीन महिने झाले, विनासिमेंटचा. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले दांडा तीन मिलिमीटर खाली बसलाय. परत ऑपरेशन लागेल का?

उत्तर: लगेच घाबरू नका. विनासिमेंटचा दांडा, विशेषतः कॉलर नसलेला, पहिल्या काही आठवड्यांत थोडा खाली बसून थांबतो आणि मग हाड त्याला धरतं. थांबलाय का, एवढंच बघायचं. म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आणि आताचा शेजारी ठेवून तुलना करायची, आणि अजून काही आठवड्यांनी परत एक काढायचा, त्याच ठिकाणी आणि पाय त्याच स्थितीत ठेवून, नाहीतर मोजमाप फसतं. तीनचे तीनच राहिले आणि मावशीला मांडीत दुखत नसेल तर काही करायचं नाही. वाढत चालला, पाय आखूड वाटायला लागला किंवा खुर्चीतून उठताना पहिल्या दोन-चार पावलांना मांडीत कळ येत असेल तर मात्र त्याच सर्जनकडे लवकर जा.

आणि एक, मावशीच्या फाईलमध्ये इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर चिकटवलेत का बघा, त्यावर दांड्याचं नाव, साईज आणि लॉट नंबर असतो. नसतील तर हॉस्पिटलमधून आजच मागून घ्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि एक्स-रेच्या फिल्म पावसाळ्यात ओल येणार नाही अशा जागी ठेवा.