आई जाऊन आठ महिने झाले, अजून सावरता येत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही. आठ महिने म्हणजे काहीच नाही हो. आपल्याकडे चौदाव्याला गोडजेवण झालं की लोकांना वाटतं, झालं, आता कामाला लागा.

माझे वडील गेले तेव्हा रडू आलंच नाही. सगळे म्हणाले, खंबीर आहे. पाच महिन्यांनी कपाटात त्यांच्या चष्म्याचं घर सापडलं, आत दुमडून ठेवलेलं एसटीचं तिकीट. तिथंच फरशीवर बसून तासभर रडलो. त्यानंतर झोप जरा बरी लागायला लागली.

ते 'दुःखाचे पाच टप्पे' (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मनावर घेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. आपलं दुःख रांगेत येत नाही. दिवाळीत उटण्याच्या वासानं सुद्धा परत पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतं.

मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा: सकाळी ठरल्या वेळी घराबाहेर पडणं, आणि वडिलांविषयी मोकळेपणी बोलणारी आत्या. 'विसर आता' म्हणणाऱ्यांचे फोन मी सरळ टाळले.

मात्र जेवणखाण, झोप, काम सगळंच ठप्प असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर थांबू नका. टेली मानसला 14416 वर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

आणि आईच्या साड्या वगैरे काढायची घाई कुणी करत असेल, तर राहू द्या म्हणावं कपाटात.